शेतात सोनं सापडलं तर?

विहिरीच्या खोदकामात दगड चमकला, की गावभर कुजबुज सुरू होते. सोलापूर जिल्ह्यात ते सोनं असण्याची शक्यता जवळपास शून्य! इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सोन्याच्या शिरा असतात त्याहून कितीतरी जुन्या, धारवाडी खडकात. म्हणूनच खाण आहे ती रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला. महाराष्ट्रात सोन्याच्या नोंदी आहेत, पण नागपूर-भंडाऱ्याकडे.

चमकणारं बहुधा लोह-गंधकाचं खनिज, पायराइट. हातोडीच्या घावाने सोनं चपटतं, पायराइटचा भुगा होतो. फरशीच्या खरबरीत पाठीवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी. भीमेची वाळू थाळीत धुतली तर तळाशी काळी रेती उरते खरी, पण चुंबक धरताच तिचे कण झुबक्याने चिकटतात. सोनं चुंबकाला दाद देत नाही.

सातबाऱ्यावर नाव असलं तरी खनिजावरचा हक्क राज्य सरकारचा (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८). परवान्याशिवाय सोन्याचा शोध घ्यायलाही १९५७ च्या खाण कायद्याने मनाई आहे.

पुरलेला हंडा लागला तर कायदा वेगळा, १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा (हो, दहाच!) जास्त किमतीचं धन सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ते बेवारस ठरलं आणि सरकारने घेतलं नाही, तर साधारणपणे तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेलं जागामालकाला. लपवलं तर वाटा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.