पावती आणि पोच
(नभोवाणीवरील भाषण)

एखाद्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची रात्र असावी. घरांतील मुलगी संगणकापुढें बसली आहे आणि वडील तिच्या पाठीशीं उभे आहेत. सर्व रकाने भरून झाले, छायाचित्र जोडून झालें, शुल्काचे पैसे पाठविण्याचें बटणहि दाबून झालें. पडद्यावर एक लहानसें चक्र फिरूं लागतें आणि तें कांहीं केल्या थांबत नाहीं. दहा सेकंद जातात, वीस जातात, तीस जातात. “पुनः एकदां दाब,” असें वडील म्हणतात. “नको बाबा, पैसे दोनदां जातील,” असें मुलगी म्हणते. हा लहानसा वाद आज कितीतरी घरांत होत असतो, आणि त्यांत दोघांचेंहि भय खरें असतें. न दाबावें तर अर्ज वाटेंतच राहून वर्ष वायां जाण्याची भीति. दाबावें तर एकाच अर्जाचे पैसे दोनदां जाण्याची भीति. यांपैकीं काय घडेल, हें त्या घरांत ठरत नाहीं. ज्यांनीं ती यंत्रणा रचली, त्यांनीं पडद्यामागील कामांची व्यवस्था कशी लावली आहे, यावर तें अवलंबून असतें.

ही व्यवस्था समजून घेण्यासाठीं फार दूर जावयास नको. पिठाच्या गिरणीपर्यंत गेलें तरी पुरे. गिरणींत दळण टाकावयास गेलेलें माणूस पीठ होईपर्यंत तेथें ताटकळत नाहीं. तें डबा ठेवतें, बारीक दळावयाचें कीं जाडसर तें सांगतें, आणि घरीं परततें. डबे रांगेनें लागतात. गिरणीवाला एकामागून एक डबा उचलतो. संध्याकाळीं जाऊन पीठ आणावयाचें. या साध्या रीतींत दोन कामें एकमेकांपासून अलग केलेलीं आहेत. एक दळण घेण्याचें व दुसरें तें दळण्याचें. पहिल्यास अर्धें मिनिट पुरतें, दुसऱ्यास पाव तास लागतो. दोन्हीं कामें गिऱ्हाइकाला समोर उभें करूनच करावयाचीं म्हटलें, तर गिरणीच्या दारांत सबंध आळी उभी राहील.

संगणकावरील व्यवहाराचेंहि असेंच आहे. आज बहुतेक संस्थांचे असले व्यवहार ‘क्लाउड’वर चालतात. या शब्दाचा अर्थ मेघ असा असला, तरी त्यांत आकाशांतलें कांहीं नाहीं. दुसऱ्या कोणाच्या इमारतींत ठेवलेले व भाड्यानें मिळणारे संगणक, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें व मुंबई येथें, आणि ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस, अशा संगणकांचीं केंद्रें उघडलीं. या भाड्याच्या संगणकांपैकीं कांहींजण खिडकीवरील कारकुनाप्रमाणें केवळ विनंत्या घेतात व उत्तरें देतात. असे कारकून मोजकेच असतात. त्यांतील एकास अर्जाची प्रत तयार करणें, छायाचित्र लहान करणें, बँकेशीं बोलणें, ईमेल धाडणें हीं सर्व कामें अर्जदाराला खिडकीशीं थांबवून करावयास लावलीं, तर मागें रांग वाढत जाते, आणि शेवटीं खिडकीच बंद पडते.

शिवाय अशा ठिकाणीं वेळेची मर्यादाहि असते. हेरोकू नांवाच्या सेवेंत, विनंती आल्यापासून ३० सेकंदांच्या आंत उत्तरास आरंभ झाला नाहीं, तर मधला वाटाड्या संबंध तोडून टाकतो व समोरच्यास चुकीचा निरोप मिळतो. गूगलनें २००८ सालीं ‘ॲप इंजिन’ ही सेवा सुरू केली, तेव्हां तिच्यांतहि वेळेचा असाच दंडक होता; आणि पुढील वर्षीं, म्हणजे २००९ सालीं, लांबणारीं कामें बाजूस काढण्यासाठीं ‘टास्क क्यू’ म्हणजे कामांची रांग देण्यांत आली. दंडक आधीं व रांग मागाहून, हा क्रम बोलका आहे. मात्र वाटाड्यानें संबंध तोडला म्हणून आंतील काम थांबतेंच असें नव्हे. अर्जदाराला ‘झालें नाहीं’ असें दिसतें, आणि आंत पैसे वळते होतच राहतात! त्या रात्रींच्या चक्राचें मूळ पुष्कळदां येथें असतें.

रांगेच्या व्यवस्थेचीं अंगें तीन. पहिला चिठ्ठी लिहिणारा. हा खिडकीवरचा कारकून. दुसरी स्वतः रांग, जींत चिठ्ठ्या सुरक्षित राहतात. तिसरा पाठीमागच्या खोलींत बसलेला कामकरी, ज्यास या धंद्यांत ‘वर्कर’ म्हणतात. कारकून अर्ज दप्तरांत नोंदवितो, ‘अमुक क्रमांकाच्या अर्जाची प्रत तयार करावी’ अशी चिठ्ठी रांगेंत टाकतो आणि अर्जदाराला लगेच मोकळें करतो. वर्कर सवडीनें चिठ्ठी उचलून काम करतो.

गिटहब या प्रसिद्ध अमेरिकन संस्थेची हकीकत येथें उपयोगी पडेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचें लिखाण सांभाळणारी ही संस्था २००८ सालीं लोकांस खुली झाली. कोणी नवें लिखाण पाठविलें कीं शोधसूची सुधारणें, किती जागा व्यापली तें मोजणें, लिखाणाचें गाठोडें बांधून ठेवणें, इतर सेवांना वर्दी देणें, अशीं अनेक कामें मागें निघत. त्यांसाठीं तिनें तयार मिळणाऱ्या अनेक रांगा वापरून पाहिल्या. एकीनेंहि समाधान होईना. शेवटीं तिचे एक संस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनीं २००९ सालीं ‘रेस्क’ नांवाची रांग स्वतःच रचली. तींतील मुख्य विचार असा कीं, काम बिघडणारच असें गृहीत धरून चालावें. प्रत्येक चिठ्ठीसाठीं वर्कर एक तात्पुरता मदतनीस निर्माण करतो. काम होतांच तो मदतनीस नाहींसा होतो. तो बहकला, अडकला किंवा त्यानें भलतीच जागा अडविली, तर त्याला तेवढा दूर करतां येतो. मुख्य वर्कर शाबूत राहतो.

काम बिघडणारच, हा विचार भाड्याच्या संगणकांच्या बाबतींत विशेष खरा आहे. हेरोकूवरील प्रत्येक संगणकखोली दिवसांतून सुमारें एकदां बंद करून पुनः उघडली जाते. आवराआवर करण्यास वर्करला ३० सेकंद मिळतात, त्यानंतर त्याला सक्तीनें थांबविलें जातें. तेव्हां तासभर चालणारें एकच काम रांगेंत घालणें हें शहाणपणाचें नव्हे. त्याचे लहान लहान तुकडे पाडावे.

अशा वेळीं अर्ध्यावर राहिलेल्या चिठ्ठीचें काय होतें? ॲमेझॉनची ‘सिंपल क्यू सर्व्हिस’ ही रांग २००६ सालीं सर्वांस खुली झाली. तींत वर्करनें चिठ्ठी उचलली म्हणजे ती फाडली जात नाहीं. फक्त इतरांच्या दृष्टीआड ठेवली जाते. निराळें सांगितलें नसेल तर ही मुदत ३० सेकंदांची असते. ती १२ तासांपर्यंत वाढवितां येते. काम पुरें झाल्यावर वर्करनें स्वतः चिठ्ठी फाडावयाची. मुदतींत ती फाडली गेली नाहीं, तर वर्कर पडला असें समजून चिठ्ठी पुनः रांगेंत दिसूं लागते व दुसरा कोणी ती उचलतो. यामुळें काम हरवत नाहीं. परंतु याच सोयीच्या पोटांत धोका दडलेला आहे. वर्करनें पैसे वळते केले आणि चिठ्ठी फाडण्यापूर्वींच तो बंद पडला, तर? अथवा कामास ४० सेकंद लागले आणि मुदत ३० चीच होती, तर? दुसरा वर्कर तीच चिठ्ठी उचलून तेंच काम पुनः करील. म्हणून अशा रांगेचें वचन ‘काम एकदां तरी दिलें जाईल’ एवढेंच असतें. ‘एकदांच दिलें जाईल’ असें नसतें. मुलीचें भय खरें होतें तें असें.

यावर उपाय रांगेंत नसून कामाच्या रचनेंत आहे. भांड्यावर झांकण दोनदां ठेवलें तरी भांडें झांकलेलेंच राहतें. चहांत साखर दोनदां घातली तर चहा बिघडतो. पाठीमागचें प्रत्येक काम झांकणासारखें करावें, साखरेसारखें राहूं देऊं नये, हा या शास्त्रांतील सर्वांत मोलाचा नियम होय. त्याची रीत अशी. अर्जाचें पान उघडतांच त्या अर्जास एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. मग बटण एकदां दाबलें काय किंवा पांच वेळां दाबलें काय, प्रत्येक विनंतीबरोबर तोच क्रमांक जाईल. एका क्रमांकाची शुल्कनोंद एकच होऊं शकेल, असा निर्बंध दप्तरावरच घालावा; कारण ‘आधीं पहावें, मग लिहावें’ एवढ्यावर विसंबलें, तर दोन वर्कर एकाच क्षणीं पाहतील व दोघेहि लिहितील. पैसे वळते करणाऱ्या बाहेरच्या संस्थेलाहि तोच क्रमांक कळवावा, म्हणजे दुसरी मागणी येतांच ‘हें पूर्वींच झालें आहे’ असें ती सांगूं शकेल. एवढी तजवीज असेल, तर वडिलांनीं बटण खुशाल पुनः दाबावें. नसेल, तर मुलीचें ऐकावें.

दुसरी एक चूक नवशिक्यांकडून नेहमीं होते. दप्तरांतील नोंद पक्की होण्याच्या आधींच चिठ्ठी रांगेंत जाते. वर्कर चपळ असला तर तो तत्काळ नोंद शोधूं लागतो, आणि नोंद तर अजून झालेलीच नसते. डबा पोंचण्यापूर्वीं चिठ्ठी गिरणींत पोंचावी तसें हें होय. म्हणून नोंद पक्की झाल्यावरच चिठ्ठी टाकावी. पण नोंद झाली आणि चिठ्ठी टाकण्यापूर्वीं कारकूनच पडला, तर अर्ज तसाच पडून राहील. वडिलांचें भय येथें खरें ठरतें. जेथें हेंहि चालणार नाहीं, तेथें चिठ्ठी दप्तरांतच, नोंदीच्या जोडीनें एकाच वेळीं लिहितात, व तेथून ती रांगेंत नेण्यास निराळा हरकाऱ्या ठेवतात.

आतां थोडें गणित. एका कामास २ सेकंद लागत असतील, तर एक वर्कर मिनिटास ३० कामें उरकील. कामें मिनिटास ४० येऊं लागलीं, तर दर मिनिटास १० शिल्लक पडतील, आणि तासाभरांत रांग ६०० ची होईल. पण येणें व उरकणें जवळजवळ सारखें असलें तरी भागत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनींत काम करणारे डॅनिश गणिती अर्लांग यांनीं १९०९ सालीं टेलिफोनच्या मागण्यांवर निबंध लिहून या शास्त्राचा पाया घातला. त्यांतून वाढलेल्या सर्वांत सोप्या हिशेबाप्रमाणें, कामें अनियमितपणें येत असून वर्कर एकच असेल, तर तो निम्मा वेळ गुंतलेला असतां सरासरीनें एक काम त्याच्याकडे असतें. शेंकडा ८० वेळ गुंतला तर चार. शेंकडा ९० ला नऊ. आणि शेंकडा ९५ ला एकोणीस! वर्करला क्षणभरहि रिकामें न ठेवण्याचा जो काटकसरी, तो गिऱ्हाइकांचा वेळ उधळीत असतो. भाड्याच्या संगणकांचा खरा लाभ येथें आहे: रांग वाढली कीं आणखी वर्कर भाड्यानें घ्यावे, ओसरली कीं सोडून द्यावे.

त्याचबरोबर सर्व कामांस एकच रांग ठेवूं नये. पन्नास हजार जाहिरातींचे ईमेल रांगेंत पुढें असतां, परवलीचा शब्द विसरलेल्या माणसाचा ईमेल त्यांच्या मागें लागला, तर तो माणूस दारांतच अडकून पडेल. निकडीचीं कामें व सावकाशीचीं कामें यांच्या रांगा निराळ्या असाव्या.

कांहीं चिठ्ठ्या मात्र कितीहि वेळां उचलल्या तरी पुऱ्या होत नाहींत. पलीकडची संस्था क्षणभर बंद असेल तर थोड्या वेळानें पुनः प्रयत्न करणें योग्य. आणि प्रत्येक वेळीं मधलें अंतर वाढवीत न्यावें, नाहींतर आजारी यंत्राच्या दारावर सर्वांनीं एकदम धडका मारल्यासारखें होतें. ‘साइडकिक’ नांवाची रांग बिघडलेलें काम पंचवीस वेळां, सुमारें तीन आठवडे, वाढत्या अंतरानें करून पाहते. तरीहि न होणारी चिठ्ठी बाजूच्या खणांत टाकतात. त्या खणास ‘डेड लेटर क्यू’ असें म्हणतात. हें नांव टपालखात्याकडून आलेलें आहे. ज्या पत्रांचा मालक सांपडत नसे, त्यांच्यासाठीं पूर्वीं ‘डेड लेटर ऑफिस’ असे. टपालाच्या त्या कचेरींत बसून कोणी तरी पत्ता वाचण्याची खटपट करी. संगणकाच्या या खणापुढें पुष्कळ ठिकाणीं कोणीच बसलेलें नसतें, हा मोठा दोष होय. त्यांतील प्रत्येक चिठ्ठी म्हणजे कोणाचा तरी अर्ज, कोणाचा तरी तपासणीचा अहवाल, कोणाचे तरी परत यावयाचे पैसे असतात.

टपालाच्या व्यवहारानें मराठीला दोन शब्द चांगलेच शिकविले आहेत: पावती आणि पोच. रजिस्टर्ड पत्र खिडकींत दिलें कीं पावती मिळे. तें पलीकडच्या माणसाच्या हातीं पडलें म्हणजे मग त्याच्या सहीची पोच येई. पावतीलाच पोच समजण्याची चूक जुन्या पिढींतील कोणी करीत नसे. संगणकांच्या आपसांतील भाषेंतहि हा भेद केलेला आहे. ‘झालें’ हें सांगण्यास २०० हा अंक आहे. ‘घेतलें आहे, पण अजून झालें नाहीं’ हें सांगण्यास २०२ हा निराळा अंक आहे. यंत्रें हा भेद पाळतात. माणसांसाठीं लिहिलेल्या पडद्यांवर मात्र तो पुष्कळदां पुसला जातो, आणि चिठ्ठी नुकती कोठें रांगेंत पडलेली असतांना ‘आपला अर्ज यशस्वी झाला’ असें झळकतें.

म्हणून ज्यानें यंत्रणा रचावयाची त्यानें घेतलें तेव्हां ‘घेतलें’ म्हणावें, झालें तेव्हांच ‘झालें’ म्हणावें, आणि मधल्या काळांत अर्जदाराला आपल्या क्रमांकानें चौकशी करण्याची वाट मोकळी ठेवावी. आणि ज्यांना बटण दाबावयाचें आहे त्या घरांनीं पडद्यावरील क्रमांक आधीं टिपून ठेवावा, चक्र अडकलें तर पुनः बटण दाबण्यापूर्वीं अर्जाची स्थिति व बँकेचें खातें पहावें, आणि पोच हातीं येईपर्यंत पावती जपून ठेवावी. शेवटच्या रात्रीची वाट न पाहतां अर्ज चार दिवस आधीं केला, तर रांग कितीहि लांब असली तरी दळण वेळेवर घरीं येतें.