दोरी ओढताना अंग कोण चोरतं?

रस्सीखेच खेळताना तुमच्या संघात सात जण आहेत असं समजा. सगळे टाचा मातीत रोवून, दातओठ खाऊन ओढताहेत. आता सांगा बरं, एकटा माणूस जेवढा जोर लावतो, त्याच्या सातपट जोर त्या दोरीवर पडत असेल का?

पाढा म्हटला तर पडायला हवा. पण पडत नाही! आणि हे कुणीतरी चक्क मोजून ठेवलंय, तेही शंभराहून जास्त वर्षांपूर्वी.

मोजणारे होते मॅक्स रिंगेलमान, फ्रान्समधले शेतीचे इंजिनिअर. माणसाच्या मनाचा अभ्यास करायला ते निघालेच नव्हते. बैल, घोडे, यंत्रं आणि माणसं यांच्याकडून ओढण्या-ढकलण्याचं काम किती होतं, एवढंच त्यांना हवं होतं. 1880 च्या दशकात त्यांनी काही तरुण विद्यार्थ्यांना एक दोरी ओढायला दिली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जोर मोजणारं यंत्र. एकट्याने ओढलं तेव्हा सरासरी जोर भरला सुमारे 85 किलो. सात जणांनी मिळून ओढलं तेव्हा माणशी 65 किलो. आणि चौदा जण लागले तेव्हा माणशी जेमतेम 61!

जरा वहीवर मांडून बघा. सात गुणिले 85 म्हणजे 595 आणि सात गुणिले 65 म्हणजे 455. तब्बल 140 किलो जोर गायब! दीड माणसाहून जास्त. सातही जण तिथेच उभे, दोरी हातात, मग हा जोर गेला कुठे?

रिंगेलमान यांना वाटलं, ही चूक मुख्यतः तालाची. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. एक ओढत असतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो. हे खरंच आहे. म्हणून तर जड वस्तू हलवताना एक जण ‘हैशा!’ अशी आरोळी देतो आणि बाकीचे त्या आरोळीवर जोर लावतात. पण त्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. कैद्यांना पिठाची गिरणी हाताने फिरवायला लावलेली होती. तिथे प्रत्येक जण शेजारच्यावर भरवसा टाकून नुसता दांड्यावर हात ठेवत होता. दांडा फिरेल तसा त्याचा हात फिरायचा, झालं!

म्हणजे कारणं दोन झाली. एक ताल चुकण्याचं, दुसरं अंग चोरण्याचं. आता खरी गंमत पुढे आहे. ही दोन कारणं वेगळी कशी करायची? पुढचा परिच्छेद वाचण्याआधी मिनिटभर विचार करा. ताल बिघडायला नको, पण माणसाला वाटलं मात्र पाहिजे की आपल्यासोबत बाकीचेही ओढताहेत.

सुचलं? अमेरिकेतल्या अ‍ॅलन इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये याचं उत्तर शोधलं, आणि मला ते फार आवडतं. त्यांनी ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला दोरीवर सगळ्यात पुढे उभं केलं. मागे उभे राहिले शास्त्रज्ञांचे साथीदार. ते कण्हायचे, ‘हं... हं...’ असे आवाज काढायचे, पण दोरी काडीचीही ओढायचे नाहीत! म्हणजे खरं ओढणारा एकच. ताल चुकण्याचा प्रश्नच मिटला. तरीही मागे दोघं-तिघं आहेत असं वाटताच त्याचा जोर साधारण 85 टक्क्यांवर आला.

दोरी झाली, आता टाळ्या आणि आरडाओरडा! 1979 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात बिब लताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना चक्क सांगितलं, जमेल तेवढ्या मोठ्यांदा ओरडा आणि टाळ्या वाजवा. सहा जण एकत्र ओरडले तेव्हा एकेकाच्या वाट्याचा आवाज एकट्याने ओरडण्याच्या 40 टक्क्यांच्या आसपास भरला. मग इथेही डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन. ‘तुझ्यासोबत आणखी पाच जण ओरडताहेत’ असं सांगायचं, पण प्रत्यक्षात तो एकटाच ओरडणार. तरी आवाज उतरलाच, सुमारे 74 टक्क्यांवर! या अंग चोरण्याला शास्त्रज्ञ ‘सोशल लोफिंग’ म्हणतात.

आता एक विनंती. या विद्यार्थ्यांना आळशी म्हणू नका. तोच मुलगा, तोच घसा. एकटा असताना पूर्ण ताकदीने ओरडला होताच की! बदललं एवढंच, की घोळक्यात त्याचा आवाज वेगळा कुणाला कळणार नव्हता. ही नुसती माझी समजूत नाही. याच तिघांनी 1981 मध्ये तेही तपासलं. घोळक्यात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर अंगचोरी जवळपास नाहीशी झाली.

मग दुसऱ्याचं लक्ष असलं की आपण नेहमीच जास्त चांगलं काम करतो का? थांबा, इथे एक झुरळ येतंय!

1969 मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने झुरळांची शर्यत लावली. झुरळांना उजेड नकोसा असतो, म्हणून एका टोकाला झगझगीत दिवा आणि दुसऱ्या टोकाला अंधारी डबी. आणि बाजूला पारदर्शक खोक्यांमध्ये प्रेक्षक म्हणून कोण? दुसरी झुरळंच! वाट सरळ होती तेव्हा प्रेक्षकांसमोर झुरळ जास्त वेगाने पळालं. वाट वळणावळणाची केली तेव्हा मात्र प्रेक्षकांसमोर त्याला एकटं असतानापेक्षा जास्त वेळ लागला. झायन्स यांचं म्हणणं असं, की आजूबाजूला कुणी असलं की अंगात एक प्रकारची तरतरी येते. त्यामुळे सोपं, सवयीचं काम झटपट होतं आणि अवघड, नवं काम आणखी बिघडतं. घरी घडाघडा म्हटलेली कविता स्नेहसंमेलनात आणखी रंगते, पण कालच शिकलेलं गणित फळ्यासमोर उभं राहिलं की सुटत नाही, ते यामुळेच.

म्हणून मला वाटतं, वर्गातल्या गटप्रकल्पात कोण काय करणार हे सुरुवातीलाच कागदावर नावानिशी लिहावं. ‘सगळे मिळून तक्ता करू’ म्हटलं की तक्ता एकाच्या गळ्यात पडतो. पण जे काम अजून नीट जमत नाही, त्याचा सराव आधी शांतपणे एकट्याने करू द्यावा. त्या वेळी कुणी डोक्यावर उभं राहू नये. आणि काम कशासाठी चाललंय हे प्रत्येकाला मनापासून पटलेलं असलं, तर अंगचोरी कमी होते, हेही अनेक प्रयोगांत दिसलंय.

तुम्हीही प्रयोग करून बघा ना! मोठ्यांच्या फोनमध्ये आवाज मोजणारं अ‍ॅप घ्या. एका मित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि कानांवर मोठ्या आवाजात गाणं लावलेले हेडफोन द्या. कधी सांगा ‘तू एकटाच टाळ्या वाजव’, कधी सांगा ‘आम्ही चौघंही वाजवतोय’, आणि प्रत्यक्षात तुम्ही गप्प बसा. दोन्ही प्रकार आलटून-पालटून करा. नाहीतर शेवटी हात दुखायला लागल्यामुळे आवाज उतरला की अंगचोरीमुळे, हे कळणार नाही. आणि प्रयोग संपला की पट्टी सोडून मित्राला सगळं खरं सांगा, आकडे दाखवा आणि पुढची पाळी त्याला तुमच्यावर घेऊ द्या. अर्थात आता तुम्हाला युक्ती माहीत आहे, त्यामुळे तुमच्यासाठी त्याला एखादी नवी युक्ती शोधावी लागेल.