भोगवर्धनची माणसं आणि हस्तिदंताची मूर्ती

जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. याच तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीला लोटणारी गर्दी साऱ्या मराठवाड्याच्या परिचयाची आहे. केळणा नदीकाठची भोकरदनची जुनी पांढर मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. सातवाहन राजांच्या काळात दख्खनचा माल भडोच बंदराकडे जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून अकीक आणि तेरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला येत असल्याची नोंद आहे. भडोचहून परदेशी जाणाऱ्या जिनसांत हस्तिदंतही आहे.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी भोकरदनला उत्खनन केले. पुढच्याच वर्षी अहवाल निघाला. नाणी, खापरे, शंखाच्या बांगड्या, आणि मणी तर नाना तऱ्हांचे. अकीक फोडायचा, घासून गोल करायचा, मग बारीक भोक पाडायचे. या शेवटच्या टप्प्यावर मणी तडकला की आधीची सारी मेहनत वाया. नगराचा खरा इतिहास अशा कारागिरांच्या हातात होता, आणि राजांच्या यादीपेक्षा तो कितीतरी मोलाचा आहे.

सर्वांत गाजला तो हस्तिदंताचा एक तुकडा. स्त्रीमूर्तीचा खालचाच भाग उरला आहे आणि दोन्ही बाजूंना परिचारिका आहेत. अशीच मांडणी असलेली मूर्ती १९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना इटलीतल्या पॉम्पेई येथे सापडली होती. सुमारे २४ सेंटिमीटर उंचीच्या त्या मूर्तीच्या अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही. घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे आणि हातभर बांगड्या मात्र ठसठशीत आहेत. डोक्यात वरून पाडलेले भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ की छोट्या तिवईचा पाय, हा वाद अजून चालू आहे. माइउरींनी तिला लक्ष्मी म्हटले. अनेकांना ती यक्षी वाटते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे नक्की.

ती घडली कुठे? तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी असलेले साम्य दख्खनकडे बोट दाखवते. मूर्तीवर कोरलेले खरोष्ठी लिपीतले अक्षर मात्र वायव्येकडे नेते. पण असे सुटे अक्षर जोडकामाची खूण असू शकते आणि ती खूण नंतर, दुसऱ्या गावीही पडू शकते. तेव्हा दख्खनचा दावा एका अक्षराने निकालात निघत नाही. मात्र वस्तू सापडली तिथेच ती घडली, असेही होत नाही. हा नियम पॉम्पेईला लागू, तसा भोकरदनलाही.

इथे सांचीच्या स्तूपावरचे कोरीव लेख उपयोगी पडतात. दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम जवळच्याच विदिशेच्या दंतकारांनी केल्याचे तिथेच लिहिले आहे, आणि स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. आपल्या नावापुढे गावाचे नाव कोरवून घेणारी ही माणसे दंतकारांच्या विदिशेपर्यंत जात-येत होती. कसब आणि घडीव वस्तू याच वाटेने दख्खनमध्ये आल्या असाव्यात, असे मानायला चांगला आधार आहे.