आगीनंतरचा धोका

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बॉस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागली आणि ४९२ माणसे गेली. जळीतावरच्या आधुनिक उपचारांची कहाणी बहुधा इथून सुरू करतात, कारण वाचलेल्यांवर तेव्हा नवेकोरे असलेले पेनिसिलिन वापरले गेले. मला त्याच दशकातले बर्मिंगहॅम अधिक महत्त्वाचे वाटते. तिथल्या अपघात रुग्णालयाच्या जळीत कक्षात लेनर्ड कोलब्रुक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने औषधाइतकेच लक्ष ड्रेसिंग बदलण्याकडे दिले. पट्टी सोडली की जंतू हवेत पसरतात आणि शेजारच्या खाटेपर्यंत जातात. म्हणून गाळलेली हवा खेळवणारी वेगळी खोली, तोंडाला मास्क आणि जखमेला बोट न लावता चिमट्याने केलेले ड्रेसिंग. इतिहासात नाव कोलब्रुक यांचे राहिले. ही शिस्त रोज निभावली परिचारिकांनी.

पुढे सलाईनचे गणित बसत गेले आणि पहिल्या दोन दिवसांत शॉकने दगावणारे रुग्ण वाचू लागले. वाचलेले मग संसर्गाने जाऊ लागले. मेलेल्या कातडीत रक्त फिरत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेले प्रतिजैविक तिथे पोचतच नाही, आणि जंतूंना मात्र ओलसर, उबदार घर मिळते. पेनिसिलिनने स्ट्रेप्टोकोकस मागे हटला, तर स्यूडोमोनास पुढे आला. १९६५ साली अमेरिकेत कार्ल मॉयर आणि सहकाऱ्यांनी ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्यांचा उपाय मांडला. त्या सतत ओल्या ठेवाव्या लागत आणि चादरींपासून हातांपर्यंत सगळे काळे पडे. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांचे सिल्व्हर सल्फाडायझिन आले. ते पांढरे मलम आपल्या वॉर्डांत आजही दिसते. १९७० मध्ये स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच यांनी मेलेली कातडी आपोआप गळण्याची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच खरवडून काढून त्यावर त्वचारोपण करण्याची पद्धत जगापुढे ठेवली. जखम लवकर झाकली की जंतूंचा मोठा रस्ता बंद होतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे, जखमेला न चिकटणारे स्वस्त ड्रेसिंग रुजवले. तिथेच २००० साली त्वचापेढी सुरू झाली.

जखमेचा रस्ता असा आवळत गेला, पण तोवर दुसरा उघडला होता, आणि तो उपचारांनीच उघडला. साठ टक्के भाजलेल्या माणसाला सलाईन, औषधे, रक्त देण्यासाठी मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकावी लागते. धड कातडी उरलेली असते ती कधी मानेवर, कधी फक्त जांघेत. कधी भाजलेल्या जागेतूनच सुई घालावी लागते. बाजूच्या जखमेतून पाझर सुरू असल्याने चिकटपट्टी तासाभरात सुटते. मग सिस्टर ओले गॉझ काढते, जागा क्लोरहेक्सिडिनने पुसते, सुकू देते, पुन्हा बांधते. प्रत्येक इंजेक्शनआधी लाइनचे तोंड स्पिरिटने चोळायचे. रात्री तीन वाजता, सहा खाटांमागे एकटी असताना, पंप वाजत असताना, ते चोळणे टळले तर जंतू थेट रक्तात उतरतो.

२००६ मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांतल्या अभ्यासाने हेच ठसवले. हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो जांघ टाळणे, गरज संपताच लाइन काढणे. साध्या पाच गोष्टी. नियम मोडताना दिसला तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. दीड वर्षात त्या विभागांतले लाइनचे संसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. ते विभाग जळीतांचे नव्हते, आणि जळीत रुग्णाची जांघ टाळणे नेहमी जमतही नाही. अधिकाराचा मुद्दा मात्र आपल्या वॉर्डांना तंतोतंत लागू आहे, कारण आपल्याकडे वरिष्ठ सर्जनला ‘सर, हात धुवा’ म्हणणे अजून धाडसाचे ठरते.

संसर्ग ओळखणेही इथे अवघड. मोठ्या भाजण्यात शरीर तसेही तापलेले, नाडी धावती असते. एकट्या तापावरून काही ठरवता येत नाही. काल खिमट खाल्लेले मूल आज तोंड फिरवते, पोट फुगते, बोलणे असंबद्ध होते, साखर अचानक चढते, किंवा अंग उलट गार पडते. पट्टीला हिरवट छटा आणि वेगळाच वास येतो. बारा तास जवळ असणारी व्यक्तीच हे टिपते. तिने वेळीच सांगितले तर प्रतिजैविकाआधी, दोन वेगळ्या जागांतून, नीट पुसलेल्या कातडीतून ब्लड कल्चर घेता येते, आणि नेमके औषध निवडता येते.

जळीत कक्षात तयार झालेल्या परिचारिकेची बदली दुसऱ्या वॉर्डात करताना आपण हे सगळे कसब उचलून नेतो. म्हणून लाइनच्या संसर्गाचे मासिक आकडे अधीक्षकांच्या टेबलावर जातील, तेव्हा त्या महिन्यात रात्रपाळीला किती सिस्टर होत्या आणि त्यांतल्या किती जळीतांच्या कामात मुरलेल्या होत्या, हे आकडे त्याच कागदावर मागितले पाहिजेत.