लोकल पटकन का थांबत नाही?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, सांभाळून घ्या.

मी वडाळ्याचा. कॉलेजला असताना ब्रिज चढायचा कंटाळा, म्हणून सरळ रूळ ओलांडायचो. आई ओरडायची. माझं उत्तर ठरलेलं: "अगं, मोटरमनला मी दिसतो ना, तो ब्रेक मारेल." बीटेक करत होतो, पण हा हिशोब कधी केला नव्हता. आज करू.

चालती वस्तू स्वतःहून थांबत नाही, कुठलं तरी बल लागतं. लोकलला थांबवणारं बल कोणतं? आपण म्हणतो ब्रेक. पण ब्रेक फक्त चाकाचं फिरणं रोखतो. गाडी थांबते ती चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणाने. आणि चाक रुळाला टेकतं किती जागेत? एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान जागेत!

त्यात पोलादावर पोलाद. पोलादी चाक जवळपास दबत नाही, म्हणून गडगडत जाताना अडथळा फार कमी आणि विजेची बचत मोठी. रेल्वेची सगळी कमाल यातच आहे. पण जे चालताना सोयीचं, तेच थांबताना अडचणीचं. कोरड्या रस्त्यावर रबरी टायरची पकड जबरदस्त असते. आपल्या वडाळ्याच्या मोनोरेललाही काँक्रीटच्या तुळईवर धावायला रबरी टायर दिलेत. पोलादाची पकड त्याच्या निम्मीही नसते, आणि पावसात रूळ ओला झाला की आणखी घटते.

मग कोणी म्हणेल, गाडी गच्च भरली की वजन वाढतं, म्हणजे पकडही वाढेल ना? बरोबर. गुरुत्वाकर्षण चाकाला रुळावर जास्त दाबतं, घर्षण वाढतं. पण थांबवायचं वस्तुमानही तेवढंच वाढलेलं असतं. दोन्ही एकमेकांना कापतात. गर्दीचा इथेही फायदा नाही!

आता आकडे. हिशोबाला सोपं म्हणून वेग ताशी ७२ किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग १ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असं समजा. थांबायला २० सेकंद लागतील. सरासरी वेग १०, म्हणजे अंतर २०० मीटर. मोटरमनला तुम्ही दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद, त्याचे आणखी २० मीटर. एकूण २२०. बारा डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटरची, म्हणजे जवळपास अख्ख्या गाडीएवढं अंतर!

तेच कोरड्या रस्त्यावर रबरी टायरची गाडी करकचून ब्रेक मारून ३० मीटरच्या आसपास थांबू शकते. आपला मेंदू रस्त्यावर शिकलेला असतो, म्हणून रुळावर अंदाज चुकतो.

मग लोकलला आणखी जोरात ब्रेक का नाही? एक, डब्यात शेकडो माणसं उभी असतात, ती एकमेकांवर कोसळतील. दोन, पकडीपेक्षा जास्त जोर लावला तर चाक अडकून घसरतं. घसरताना ते एका जागी घासून सपाट होतं. कधी कधी डब्याखालून ठकठक ऐकू येते ना, ती बऱ्याचदा अशा चाकाची.

देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला आपल्याच हार्बर लाईनवरून, व्हीटी ते कुर्ला धावली. तेव्हापासून डीसीची एसी वीज झाली, मोटारी बदलल्या, डबे बदलले. पोलादी चाक आणि पोलादी रूळ मात्र तेच राहिले.

म्हणजे मोटरमन भोंगा वाजवतो, तेव्हा तो "बाजूला हो, मी थांबतोय" असं म्हणत नसतो. "बाजूला हो, मला थांबता येणार नाही" असं म्हणत असतो. हा हिशोब मी नोकरीला लागल्यावर एकदा कागदावर मांडला आणि आईला दाखवला. ती म्हणाली, "हे मी तुला गणिताशिवाय सांगत होते."

आता ब्रिजच चढतो. तुम्हीही चढा. भेटू पुढच्या भागात!