होडीच्या कर्जाचं नवं-जुनं

मार्च महिना लागला की आमच्या यावल तालुक्यात घरोघरी एक शब्द ऐकू येतो, ‘नवं-जुनं’. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि लगेच पुन्हा उचलायचं. म्हणजे खातं थकत नाही आणि वेळेवर भरणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही पदरात पडते. भरण्यापुरता पैसा कुठून येतो ते मात्र घरच्या बाईला विचारावं. आठ दिवसांच्या बोलीवर कुणाकडून उसने आणायचे, नाहीतर पाटल्या डब्यातून काढून द्यायच्या. वादळात केळी आडवी झाली, गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, तर त्याच कर्जाचे हप्ते पाडून मुदत वाढवून मिळते. थोडक्यात, जुनं कर्ज मोडून नवं, सोसवेल असं कर्ज करून घेणं आपल्याकडच्या बायकांना अगदी परिचयाचं आहे.

आता असं समजा, की शेत जमिनीवर नाहीच. ते पाण्यात आहे, त्याला बांध नाही, सातबारा नाही आणि पीक किती येणार ते जाळं वर ओढल्याशिवाय कळत नाही. अशा शेतावर काढलेलं कर्ज थकलं तर त्याचं नवं-जुनं कोण करणार? कोकणच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांत हा प्रश्न आहे. माझी एक मावसबहीण उरणला दिलेली आहे. तिच्या शेजारची कोळी कुटुंबं ती वीस वर्षं पाहते आहे. तिच्याकडून ऐकलेलं ध्यानात राहिलं, म्हणून मी या विषयाची माहिती जमवत गेले.

आधी हे कर्ज येतं कुठून ते पाहू. राष्ट्रीय सहकार विकास निगम, ज्याला सगळे ‘एनसीडीसी’ म्हणतात, तो संसदेच्या १९६२ च्या कायद्याने स्थापन झाला. १९७४ पासून त्याचं काम मच्छीमार सहकारी संस्थांपर्यंत वाढलं. यांत्रिक होडीसाठी निगमाचा पैसा राज्य सरकारकडे येतो, सरकारकडून गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आणि संस्थेकडून सभासदांकडे. होडी गहाण राहते. सभासदाने मासळी संस्थेमार्फत विकावी आणि विक्रीतून हप्ता कापला जावा, अशी यामागची कल्पना. कागदावर कल्पना फारच सुंदर आहे!

आता प्रत्यक्ष पाहा. होडी समुद्रात सोडायची तर आधी डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन आणि त्यांची आगाऊ उचल एवढा खर्च लागतो. जाळं फाटलं तर त्याचा खर्च निराळा. फेरी आठ-दहा दिवसांची. तेवढं करून होडी अर्धी रिकामी आली तरी डिझेल जळलेलं असतंच. वर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी. ती हवीच, कारण मासळीच्या विणीचा काळ तो. पण वर्षाचे बारा हप्ते दहा महिन्यांच्या कमाईतून भरायचे, आणि डिझेलवरच्या कराचा जो परतावा सरकारकडून यायचा तो महिनोन्महिने थकतो. सरकार आपल्याकडचं देणं उशिरा देतं आणि आपलं येणं मात्र तारखेला मागतं, ही गोष्ट मला तरी पटत नाही.

२०१९ साल किनाऱ्यावर कुणी विसरणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळं आली आणि ऐन हंगामात होड्या बंदरात नांगरून राहिल्या. त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली सागरी मासळी सुमारे २ लाख टन भरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या हिशोबाप्रमाणे ४५ वर्षांतला हा नीचांक, आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. त्यातून डोकं वर काढावं तोच मार्च २०२० ची टाळेबंदी, ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ आणि पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’. राज्य सरकारने क्यार आणि महामुळे झालेल्या नुकसानीसाठी ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे ६५ कोटी रुपयांचं पॅकेज दिलं खरं, पण वादळ होऊन तोवर नऊ महिने उलटले होते. दरम्यान घर चालवायचं कुणी आणि कशावर?

इथेच दलाल पुढे येतो. तो कागद मागत नाही, जामीन मागत नाही, रात्री दार वाजवलं तरी पैसे देतो. अट एवढीच, की मासळी त्यालाच द्यायची आणि भाव त्याने ठरवायचा. मग संस्थेमार्फत विक्री कुठली आणि विक्रीतून हप्ता कापणं कुठलं! सरकारी कर्ज थकतं ते असं. माझी बहीण सांगते, शेजारच्या घरात पहिली विकली जाते ती सासूच्या अंगावरची जुनी भारी माळ, आणि तिच्या पैशांतून कर्जाचा हप्ता जात नाही, पुढच्या फेरीचं डिझेल येतं. “ताई, होडी उभी राहिली तर सगळंच बुडालं,” असं ती शेजारीण म्हणाली होती म्हणे. तिचं चुकतं असं मी तरी म्हणणार नाही.

थकलेल्या कर्जापोटी होडी जप्त करता येते. पण लाकडी होडी किनाऱ्यावर कोरडी पडून राहिली की फळ्या तडकतात, सांधे सुटतात, आणि लिलावाच्या दिवशी कर्जाच्या पाव किंमतही येत नाही. दुभती म्हैस ओढून नेऊन उपाशी बांधण्यातला प्रकार. म्हणून हप्ते हलके करून होडी चालती ठेवणं यात सरकारचाही पैसा वाचतो. त्याला दया समजायचं कारण नाही.

शब्दांचा एक घोटाळा मात्र समजून घ्यायला हवा. वर्तमानपत्रात ‘रीफायनान्स’ म्हणजे ‘पुनर्वित्त’ असा शब्द येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं आपलं कर्ज बदलून मिळणार. आपल्या देशात हा शब्द बहुतेक वेळा बँकेच्या संदर्भात असतो. १९८२ साली स्थापन झालेली नाबार्ड ही बँकांना आणि सहकारी संस्थांना त्यांनी दिलेल्या कर्जापोटी पैसा पुरवते, ते पुनर्वित्त. घरातल्या माणसाला जे हवं असतं त्याला बँकेच्या भाषेत ‘कर्जाचं पुनर्गठन’ म्हणतात. अर्जात हाच शब्द लिहावा.

आता थोडं गणित. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा ही खोड जायची नाही. समजा होडीच्या कर्जातले ५ लाख रुपये अजून फिटायचे आहेत, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे ११,१२० रुपये येतो आणि पाच वर्षांत एकूण ६ लाख ६७ हजार जातात. हेच कर्ज ९ टक्क्यांनी १० वर्षांचं करून घेतलं तर हप्ता ६,३३५ वर येतो. महिन्याला पावणेपाच हजारांची सुटका, ऐकायला किती छान! पण एकूण भरावे लागतात ७ लाख ६० हजार, म्हणजे व्याज कमी होऊनही ९३ हजार जास्त. मुदत ७ वर्षं ठेवली तर हप्ता सुमारे ८,०४५ आणि एकूण पावणेसात लाखांच्या आसपास, म्हणजे जुन्याइतकंच. हप्त्याचा आकडा ऐकून खूश होऊ नये. एकूण किती जाणार ते कागदावर लिहून मागावं आणि तो कागद घरी आणून मगच सही करावी.

दुसरी मेख थकलेल्या व्याजाची. नवं कर्ज करताना जुनं थकलेलं व्याज आणि दंडव्याज मुद्दलात मिसळलं, तर त्या व्याजावर पुन्हा व्याज चढतं. आपल्या जुन्या लोकांनी यासाठी ‘दामदुप्पट’ हा नियम केला होता, व्याज मुद्दलाहून जास्त घ्यायचं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४४-अ मध्ये सहकारी संस्थांनी सभासदांना दिलेल्या शेतीच्या कर्जाबाबत हाच दंडक आहे. मच्छीमारांनी आपल्या संस्थेच्या सचिवाला या कलमाबद्दल जरूर विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

‘शेतीच्या कर्जाबाबत’ या दोन शब्दांमुळे मच्छीमार आजवर किती गोष्टींना मुकले! २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्या शेतीच्या कर्जासाठी होत्या. दुसऱ्या योजनेत तर पुनर्गठन केलेलं पीककर्जही बसलं. होडीचं कर्ज त्यात कुठेच नव्हतं. आमच्या केळीला हवामानावर आधारित पीकविमा आहे, पण रिकाम्या आलेल्या फेरीला विमा नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने कर्ज, वीज आणि विमा यांचा लाभ मिळावा हा त्याचा हेतू. निर्णय चांगला आहे. मात्र जुन्या थकलेल्या होडीकर्जाला त्याचा हात लागतो की नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही देण्याची घोषणा २०१८-१९ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात झाली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल बँकांना कळवलं. २ लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाला ७ टक्के व्याज आणि वेळेवर फेडलं तर ३ टक्क्यांची सूट, म्हणजे पडतं ४ टक्क्यांना. दलालाच्या उचलीला याहून चांगला उतारा नाही. पण एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. हा पैसा बर्फ, डिझेल, मजुरी आणि जाळ्याच्या दुरुस्तीसाठी असतो. कुणी कार्डावरचे पैसे काढून होडीचा जुना हप्ता भरतं. महिना निभावतो, पण फेरीला पैसा उरत नाही, वर्षअखेर कार्डही थकतं आणि ४ टक्क्यांची सवलत जाते. एका थकबाकीच्या जागी दोन होतात. शिवाय जो आधीच थकबाकीदार आहे त्याला कार्ड देताना बँक हात आखडता घेते. म्हणून पुनर्गठन आधी आणि कार्ड नंतर, हा क्रम चुकवू नये.

परदेशात सगळं सुरळीत असतं असा आपला एक समज असतो, म्हणून अमेरिकेची एक गोष्ट सांगते. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर मासळी घटली तेव्हा २००३ साली सरकारने ९१ होड्यांचे परवाने विकत घेऊन त्या मासेमारीतून कायमच्या काढल्या. त्यासाठी जवळजवळ ३ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज उभं केलं आणि ते फेडायचं राहिलेल्या मच्छीमारांनी, दर खेपेच्या मासळीच्या किमतीतून ५ टक्के कापून. व्याज सुमारे ७ टक्के. कपात सुरू व्हायला २००५ उजाडलं, पण व्याजाचं घड्याळ आधीपासून चालू होतं. पुढे मच्छीमारांनी तगादा लावला आणि डिसेंबर २०१४ मध्ये कर्ज बदलून देण्याची तरतूद कायद्यात आली. मुदत ४५ वर्षं, कपात जास्तीत जास्त ३ टक्के. कायद्यात तरतूद होणं आणि हाती सवलत पडणं यांत किती अंतर असतं, ते तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. पण हप्ता तारखेवर न बांधता मासळीवर बांधायचा, कमी मिळाली तर कमी आणि भरपूर मिळाली तर जास्त भरायचं, ही पद्धत मला आपल्या किनाऱ्यासाठी फार योग्य वाटते. निदान जून आणि जुलै हे दोन महिने हप्त्यातून वगळावेत, एवढं मागायला तर काहीच हरकत नसावी.

आपल्या भागातल्या भगिनींसाठीही यात काही आहे. हतनूर धरणात आणि तापीत मासेमारी करणारी भोई समाजाची कुटुंबं, तलाव ठेक्याने घेणाऱ्या संस्था, कटला आणि रोहू पाट्यांत घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका, यांचं कर्ज लहान असतं, पण गाठ तशीच बसते. किसान क्रेडिट कार्ड गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांनाही मिळतं, बचत गटांना आणि महिलांच्या गटांनाही. १ जानेवारी २०२५ पासून शेती आणि जोडधंद्याच्या २ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. बँकेत कुणी घराचा उतारा मागितला तर हे शांतपणे सांगावं.

जाताना संस्थेचं सभासदत्व, होडीची नोंदणी किंवा तलावाचा ठेका, मासेमारीचा परवाना, आधार आणि बँकेचं पासबुक, एवढं एका पिशवीत असू द्यावं. जुनं कर्ज असेल तर खात्याचा उतारा आधी मागून घ्यावा, त्यात मुद्दल, व्याज आणि दंडव्याज वेगवेगळं दाखवायला सांगावं. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर पोचेचा शिक्का घ्यावा. समुद्रावरच्या बायकांनी हे काम जूनमध्येच उरकावं. तेव्हा होडी किनाऱ्यावर असते, घरधनी घरी असतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर या कामाला कुणालाच सवड मिळत नाही.