पंगतीवरून झालेला वाद

नाताळच्या सुट्टीआधी आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "येशूने तारण केले म्हणतात, म्हणजे नेमके कशातून सोडवले?" तेव्हा तास संपत आला होता, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

येशूचे पहिले अनुयायी सगळे ज्यू होते. मोशेचे नियमशास्त्र ते पाळत: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारी विश्रांती, डुकराचे मांस वर्ज्य. पुढे ग्रीक लोकही येशूला मानू लागले. त्यांनीही सुंता करून घ्यावी काय, हा प्रश्न उभा राहिला.

इ. स. ५०च्या सुमारास तो अंत्युखियात (आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या) पेटला, आणि तोही पंगतीवरून. येशूचा शिष्य पेत्र तेथे ग्रीकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली, तसा तो भिऊन वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बर्णबाही उठला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला खडसावले. सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

पौलाने ही हकिकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. तारणासाठी त्याने वापरलेल्या एका ग्रीक शब्दात 'अगोरा', म्हणजे बाजार, दडलेला आहे. दाम मोजून गुलाम सोडवावा, तसे सोडवणे. मराठी बायबलात याला 'खंडणी भरून सोडवणे' म्हटले आहे. येथे खंडणी म्हणजे गुंडांची नव्हे, सुटकेची किंमत. पौल म्हणतो, संपूर्ण नियमशास्त्र कोणालाच पाळता येत नाही आणि न पाळणाऱ्यावर शाप आहे. तो शाप ख्रिस्ताने क्रुसावर स्वतःवर घेतला. सुटका विश्वासाने मिळते, ती नियम पाळून कमवायची नाही. मग ज्यू आणि ग्रीक यांच्या पंगती वेगळ्या का?

नियमशास्त्राला तो 'पायदागोगोस' म्हणतो. सधन ग्रीक घरांत मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, त्याला शिस्त लावणारा हा गुलाम असे, शिक्षक नव्हे. मुलगा मोठा झाला की याचे काम संपले. (आमच्या शाळेच्या फाटकाशी ही उपमा लगेच पटावी!) मात्र ज्यू लोक नियमशास्त्राला ओझे मानत नाहीत, त्यांच्या लेखी ती देवाशी झालेल्या कराराची देणगी आहे.

स्वातंत्र्य म्हणजे मोकाट वागणे नव्हे, हेही पौलाने त्याच पत्रात बजावले आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, यात सारे नियमशास्त्र येते, असे तो लिहितो.

पेत्र पुन्हा त्या पंगतीत बसला की नाही, हे मात्र पत्रात कोठेही आलेले नाही.